त्यांच्या डाव्या बाजूची जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा कुशनं, गाद्या आणि शिकाऊ लोकांसाठी रिमोटवर उडणारी फोमची विमानं तयार करण्याचा, राहणार कारखान्याच्या वरची माडी, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण मृत्युपत्राला फुप्फुसं लागत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. उलट माझंच दडपण बऱ्याच जणांवर आहे, आणि मी गेल्यावर ते उतरेल अशी त्यांची समजूत आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. वाचन. हे मृत्युपत्र माझ्या यजमानांना मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. ते काम आमच्या विमानं उडवायच्या मैदानावर दर रविवारी येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी करावं. मुलाने नाही, वकिलांनीही नाही. खोलीत दोघंच असावीत (हे लिहिताना माझा हात किती जड झाला, ते अक्षरावरून दिसेलच), दार लावलेलं असावं, आणि एक शब्दही गाळू नये. बाईंबद्दल इथे पुष्कळ लिहिलं आहे. रागाच्या भरात एकेरीवरही आले आहे. तेही त्यांनी स्वतःच्याच तोंडाने वाचावं. बाई, लाजू नका. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणता. आज तुम्ही करा.

कलम २. घर व बँक. माडी, खालचा कारखाना आणि बँकेत जे काही असेल ते, हे सगळं यजमानांचं, त्यांच्या हयातीपर्यंत. त्यांच्या पश्चात मुलाचं. अट एकच. "बाबा, तुम्हाला आता एकट्याने झेपत नाही," असं म्हणून मुलाने त्यांना आपल्या अकराव्या मजल्यावरच्या घरात नेऊन ठेवू नये. तिथे आभाळ भरपूर आहे, पण विमान उतरवायला जमीन नाही. मुलगा वाईट नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? पण त्याला प्रत्येक गोष्ट आवरून ठेवायची सवय आहे, आणि माझा नवरा आवरून ठेवण्यातली वस्तू नाही.

कलम ३. शिलाई मशीन सूनबाईंना. तिच्याविषयी माझ्या मनात काहीही नाही, त्यामुळे या कलमात आणखी लिहिण्यासारखं काही सुचत नाही.

कलम ४. दिवाणखान्यातला मोठा सोफा थोरल्या जाऊबाईंना. याचं कारण लिहून ठेवते.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे लाकडी विमानं करत. तीन-तीन महिने घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं, आणि पहिल्याच कोलांटीला जमीन. मग दोन दिवस तोंडात घास नाही, कुणाशी शब्द नाही. मी वैतागून एकदा कारखान्यातला उरलेला फोम गरम तारेने कापला, आत कार्बनची काडी घातली, वर रंगीत पट्टी ओढली आणि म्हटलं, "हे पाडा बघू."

यांनी नाक मुरडलं. "हे विमान आहे की उशी?"

विमान सोफ्यावर पडलं होतं. तेवढ्यात जाऊबाई आल्या आणि मागे-पुढे न बघता त्यावर बसल्या. जाऊबाई बसतात म्हणजे बसतात. चहा संपेपर्यंत उठल्या नाहीत, आणि मी ब्र काढला नाही. उठल्या तेव्हा पंखाची पोळी झाली होती. हे कपाळाला हात लावून बसले. मग पंख हळूहळू फुगला, सरळ झाला, आणि हे खो खो हसत सुटले. त्या संध्याकाळी ते विमान नाकावर आपटलं, शेपटीवर आपटलं, भिंतीवर आपटलं, आणि दर वेळी पुन्हा उडालं. तेव्हापासून ज्याला हवेत कोलांट्या मारायला शिकायचं आहे, तो आमच्या मैदानावर येतो. शिकायचं तर पडायला हवं, आणि पडायचं तर न मोडणारं हवं. शिवाय इतकं हलकं, की कुणाच्या डोक्यावर आलं तरी फार तर टेंगूळ यावं.

जाऊबाई अजून मला चारचौघांत "खेळणीवाली" म्हणतात. त्यांनी या सोफ्यावर बसून थोडा विचार करावा.

कलम ५. गरम तारेचं कापण्याचं यंत्र, पत्र्याचे साचे आणि गोंदाचा डबा कारखान्यातल्या कारागिराला. यजमान "शेपूट जरा जड झालंय" असं म्हणतील. त्याने "हो" म्हणावं आणि तसंच ठेवावं. मी जन्मभर तेच केलं.

कलम ६. अहो, आता कप खाली ठेवा आणि ऐका. बाई, कप त्यांच्या उजव्या हाताला सरकवा, कपाचा कान त्यांच्याकडे करून. हां.

तुम्हाला दिसत नाही, हे मला माहीत आहे. चार वर्षं झाली. तुम्ही चहा कपाच्या बाजूला ओतलात आणि म्हणालात, "कप कुणी हलवला?" कप कुणीच हलवला नव्हता. मी तुमच्या चष्मेवाल्यांकडे गेले. ते आधी नुसत्या काचा पुसत बसले. मग म्हणाले, डोळ्याच्या मधोमध डाग धरलाय, कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं, आणि याला चष्मा नाही. तुम्ही त्यांना शपथ घातली होती, बायकोला सांगू नका. मी घातली, मी विचारून गेले हे नवऱ्याला सांगू नका. बिचारे दोन शपथांच्या मधे चेपले.

आभाळातलं विमान तुम्हाला नुसत्या पिवळ्या ठिपक्यासारखं दिसतं. त्याचं तोंड कुठे, पाठ कुठे, पोट वर की खाली, काही कळत नाही. आणि तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. तिथे क्षणभर चुकलं की संपलं. म्हणून मी पंख वरून पिवळेधमक आणि खालून काळ्या पट्ट्यांचे करायला लागले. तुम्ही म्हणालात, "हल्ली तुझी आवड भडक झालीये." मी म्हटलं, वयानुसार होते.

तेही पुरेना. तेव्हा मी तुमच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभी राहायला लागले आणि पुटपुटायला लागले. तोंड आपल्याकडे आलं की "तोंड". लांब जायला लागलं की "पाठ". उलटं झालं की "पोट". लोकांना वाटायचं, म्हातारी स्वतःशी बडबडते. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, काय पुटपुटतेस म्हणून. नुसते हात चालवायचात, आणि विमान सुरेख वळायचं. अख्ख्या संसारात माझं इतकं तुम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्या चार वर्षांसाठी मी देवाकडे वेगळं काही मागितलं नसतं.

हे मी तुमच्याशी तोंडाने का बोलले नाही? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, हे अर्धं कारण. बोलले असते तर तुम्ही रिमोट खाली ठेवला असता, हे उरलेलं.

कलम ७. डॉक्टरीणबाई. आता आवाज चढवून वाचा.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. हिने कोरून कोरून दुमजली घर बांधलं. वय पन्नाशीचं, हात स्थिर, हसली की सगळे दात जागच्या जागी. नवरा नाही. का नाही, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कीव आली असती, आणि ती मला परवडण्यासारखी नव्हती. "मला विमान उलटं उडवायला शिकायचंय," म्हणून मैदानावर आली आणि महिन्याभरात तिने विमान शेपटीवर उभं केलं: नाक वर, पंखा फिरतोय, आणि विमान हवेत जागच्या जागी लटकलेलं. लोकांना याला वर्ष लागतं. हे म्हणाले, "वा!"

वा! मी यांच्यासाठी इतकी विमानं केली, की मोजायला बसले तर दुसरं मृत्युपत्र लागेल. मला कधी "वा" नाही. मला "शेपूट जड झालंय". मी जळले. अंगाची लाही लाही झाली. रात्री जेवताना हे म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचा हात काय हलका आहे नाही?" मी म्हटलं, "ज्यांचे दात उपटले त्यांना विचारा." मग भाजी वाढली ती जरा जोरातच वाढली गेली.

तिने स्वतःसाठी विमान करून मागितलं. मी राखाडी केलं. ढगाळ आभाळाचा रंग. यांना ते दिसूच नये, म्हणजे दिसणार नाही ते हे शिकवणार नाहीत, असा माझा हिशेब. पुढच्या रविवारी ती आली, तर विमानाला नाकापासून शेपटीपर्यंत नारिंगी चिकटपट्टी लावलेली.

मी म्हटलं, "रंग आवडला नाही वाटतं?"

"छे हो, काकू, रंग छानच होता. पण मला जरा ठळक दिसलेलं बरं."

माझ्या कामाला नावं ठेवते, असं मला वाटलं. आठवडाभर मी फणफणत होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, की हिचे डोळे तर ठणठणीत आहेत. मग ठळक कुणासाठी?

ते कळलं थंडी सुरू झाली तेव्हा. यांनी विमान उलटं घातलं होतं, खूप खाली, गवताला लागेल इतकं. मला "पोट" म्हणायचं होतं आणि खोकला आला. असा आला की शब्दच फुटेना. मी यांच्याकडे बघितलं. रिमोटच्या काड्यांवरचे अंगठे थांबले होते. हे वाट बघत होते. आणि यांच्या उजव्या बाजूने, अगदी हळू, माझ्याच सुरात आवाज आला: "पोट."

विमान सुलट झालं. मैदानावर कुणालाही काही कळलं नाही. तिला सगळं माहीत होतं, कधीपासून कोण जाणे, आणि तिने हूं की चूं केलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती आभाळाकडे बघत होती. मला तिचे उपकार वाटायला हवे होते. वाटलं ते हे, की यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही, शब्द कुणी टाकला म्हणून. माझा घेतला तसाच तिचा घेतला. नवऱ्याच्या खांद्यावर परक्या बाईचा हात दिसला असता तरी मला इतकं लागलं नसतं. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि उशी आमच्याच कारखान्यातली होती, त्यामुळे तिने आवाज बाहेर जाऊ दिला नाही.

कलम ८. यावर मी बराच विचार केला आहे. माझ्या पश्चात काय होईल, तर एक: हे उडवणं सोडतील आणि मुलाच्या घरात खिडकीशी बसतील. किंवा दोन: कुणाला न सांगता एकटेच उडवतील, पाडतील, आणि न जेवता बसून राहतील. फोम मोडत नाही. हे मोडतील.

म्हणून, माझ्या मालकीची सगळ्यात मौल्यवान जंगम मालमत्ता, म्हणजे मैदानावर यजमानांच्या डाव्या बाजूची, अर्धं पाऊल मागची जागा, मी पूर्ण विचारांती, दात-ओठ खात, डॉक्टरीणबाईंना देत आहे. वहिवाट रविवारपुरती, वारा पडल्यापासून विमान उतरेपर्यंत. अटी पुढीलप्रमाणे. उजवीकडे उभं राहायचं नाही; उजव्या कानाने यांना कमी ऐकू येतं, त्या दिवशी ऐकू आलं तो योगायोग. शब्द लवकर टाकायचा, विमान वळण्याआधी, वळल्यावर नव्हे. यांच्या कोपराला हात लावायचा नाही. मैदानावर माझी घडीची खुर्ची आहे, तीवर बसायचं नाही. ती मी शेजारच्या गोदामाच्या रखवालदाराला दिली आहे. आणि शेपटाविषयी कधीही मत द्यायचं नाही.

अहो, तुम्हीही ऐका. तिने सांगितलं की वळवायचं. "मला दिसतंय," असा आव आणायचा नाही. आता खोलीत तिघांनाही माहीत आहे, मला धरून.

कलम ९. राखीव. विमान परत येतं, गवतावर टेकतं, थोडं घसरतं आणि थांबतं, तेव्हा मी "आलं घरी" म्हणते. दर वेळी. यजमान ते ऐकेपर्यंत रिमोटवरचा अंगठा काढत नाहीत.

तोंड, पाठ, पोट, हे तीन शब्द मी दिले. हा मी कुणालाही देत नाही. बाई, विमान टेकलं की तुम्ही गप्प राहायचं. हे थोडा वेळ अंगठा तसाच धरून थांबतील. थांबू द्या. आपणहून काढतील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, दोन ठिकाणी रडले आणि एका ठिकाणी खाडाखोड केली. खाडाखोडीखाली जो शब्द होता तो डॉक्टरीणबाईंनी विचारू नये.

सही: (कुशनवाल्या बाई)

साक्षीदार: डॉक्टरीणबाईंना या कागदाने काही मिळत असल्याने त्यांनी साक्षीदार होऊ नये, असा वकीलसाहेबांचा सल्ला पडला. म्हणून आम्ही दोघे. वरील बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत आणि अधूनमधून खोकत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

१. चष्मेवाले (दोन्ही शपथांतून आज मोकळा झालो)
२. मैदानालगतच्या गोदामाचे रखवालदार (खुर्ची मिळते हे सही केल्यावर कळलं)

ठिकाण: कारखान्याची माडी. रविवार, ३ मार्च २०२४, दुपार कलताना. बॅटरी भरली आहे, वारा पडला आहे, आणि खालून हे हाक मारत आहेत, "अगं, येतेस ना?" निघते.