भरताच्या वांग्याचं बी

आबा,

१. संक्रांतीनंतर पिंप्राळ्याच्या घरी भरीत झालं. वांगी अंगणातलीच होती, वहिनीने लावलेली.
२. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "वहिनीचा हात अगदी तुझ्या आबांसारखा आहे."
३. मी दुसरी भाकरी घेतली नाही.
४. काल वहिनीचा फोन आला. दादाची गाडी उभी करायला अंगणात फरशी बसणार आहे. भरताच्या वांग्याचं बी मी घेऊन जावं, असं ती म्हणाली.

मी धुळ्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. इथे भाड्याच्या घरामागे माझे दोन वाफे आहेत. मेथी येते, टोमॅटो येतात, गिलक्यांचे वेल तर कुंपणापलीकडे जातात. वांगीही येतात, नर्सरीच्या रोपांची, चकचकीत आणि एकसारखी. भाजली की पाणी सुटतं, चव येत नाही. मातीचा सामू म्हणजे आंबटपणा, खत, पाणी, सगळं मी तपासलं. दोष मातीत नाही.

सगळ्यात चांगलं वांगं तुम्ही झाडावरच ठेवायचात, देठाला चिंधी बांधून. ते आपण कधी खाल्लं नाही. मी एकदा नुसता हात लावला तर केवढ्याने ओरडलात, "तोडू नको, ते बीनं शे!" ते पिवळं पडलं की तुम्ही चिरायचात, मी परातीत पाणी धरायची, वर तरंगणारं बी ओतून टाकायची, तळाशी बसलेलं सुपात पसरायची. बी टिकावं म्हणून लावायची राख मी चाळायची, पुरचुंडी तुम्ही बांधायचात. वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षी बांधलेली पुरचुंडी तुम्ही तिच्या हातात दिलीत. "घरनं बी घरमा राहू दे, बेटा." माझे हात अजून राखेने भरलेले होते. माझ्याकडे बघून तुम्ही हसलात. "तुले काय, तू ते शिकेल शे. तुले बजारमा भेटी जाई."

नाही भेटत, आबा.

"ताई, कुंडीत हे वांगं होत नाही," वहिनी फोनवर म्हणाली. "आखाजीला माहेरी याल ना, तेव्हा देते."

"बघते."

"बघते काय? आबांनी मला दिलं तेव्हा तुम्ही कसं बघितलंत, ते मला अजून दिसतं. मी काही मागितलं नव्हतं."

मी विचारलं, फरशी कुठल्या रंगाची घेताय.

तिला बी धरता येतं, अंगण सोडता येतं, आणि मला इतकी वर्षं जे हवं होतं ते सहज देऊनही टाकता येतं. हे शेवटचं मला सहन होत नाही. तुमचं अंगण बुजणार याचं वाईट वाटायला हवं होतं. आधी बरं वाटलं, की आता काकू तिच्या हाताचं कौतुक करणार नाहीत.

बी आणायला मी आखाजीला जाणार आहे, अक्षय्य तृतीयेला तुमची घागर भरतात तेव्हा. देताना ती "आबांनी दिलेलं" म्हणेल आणि मला मान हलवावी लागेल. त्याआधी एक गोष्ट तुमच्याकडून ऐकायची आहे. मी त्या घरची नव्हते का? आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत कळवा.