गच्चीवरच्या घारी

आबा, हवाई दलाचा तळ हलणार नाही. पक्कं झालं. तुम्ही होतात तेव्हापासून ऐकत आलो, आज जाणार, उद्या जाणार, विमानं कुठेतरी लांब नेणार आणि इथे टॉवर होणार. तुमच्या मागे बिल्डरची माणसं येऊन चाळीत पेढेसुद्धा वाटून गेली. आता वरून कळलं की तळ आहे तिथेच राहतोय. भिंत तीच, भिंतीवरची काटेरी तार तीच, आणि भिंतीच्या अलीकडे उंच बांधायचं नाही हा नियमही तोच. म्हणजे आपली चाळ पाडून वर चढवता येणार नाही, आणि चढवता येणार नसेल तर बिल्डर कशाला पैसा घालेल? त्या दिवशी चाळीत कुणीतरी गेल्यासारखं झालं. शेजारच्या काकूंचा थोरला, जो तुमच्या खांद्यावर बसून गणपती बघायचा, तो आता आमचा चेअरमन आहे. डोकं धरून जिन्यात बसला होता. मी माशाची पाटी उतरवून वर येत होते, तर मला म्हणतो, "ताई, झालं. आता मरेपर्यंत संडासाला लाईन." मी म्हटलं, "मग सरक, मला आधी जाऊ दे."

टॉवर मलाही हवा होता. गुडघे गेलेत माझे. गॅलरीच्या त्या टोकापर्यंत बादली घेऊन जायचं म्हणजे अर्धा दिवस त्याच विचारात जातो. तुमची नात कामाला लागली, आता लग्नाचं बघतोय, तर ती म्हणते, "आधी घरात संडास आहे का ते विचार, मग मुलगा दाखव." तिचं काय चुकलं? पण आबा, मी तळाच्या मागच्या गेटाबाहेर मासे घेऊन बसते हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर सुरू केलं. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणायचा, गोड्या पाण्याचा रोहू बाजारातून, आणि गेटाच्या बाजूला, त्यांनी आखून दिलेल्या जागेत बसायचं. माझी निम्मी गिऱ्हाईकं आतली आहेत. केरळची बाई येते, ती तारली घेते. बंगाली बाई येते, ती "मौशी, माथा दो" म्हणून रोहूचं डोकं मागते आणि डोक्याचे पैसे देताना असा वाद घालते की शेवटी मी डोकं फुकट देते. तळ गेला तर या बायका जातील, आणि टॉवरमधली माणसं मोबाईलवरून मासे मागवतील. म्हणजे बघा, तळ राहिला तरी माझं मरण, गेला तरी मरण.

तुमचं काम सांगितलं की शाळेत पोरी हसायच्या. "तुझे बाबा हवाई दलात? मग पायलट आहेत?" मी म्हणायचे, "नाही, पक्षी हाकतात." मला तर त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. खाकी शर्ट घालून, पत्र्याचा डबा आणि फटाके घेऊन तुम्ही त्या मोठ्या रस्त्याच्या कडेला उभे असायचात, विमान उतरायच्या आधी घारी, बगळे, कावळे उठवायला. एकदा मला भिंतीबाहेरून बोट करून दाखवलंत आणि म्हणालात, "घार बघू नको, घार काय बघते ते बघ." मी बघितलं, तर डबक्याजवळ मेलेली घूस. शाळेत मला जेवढं शिकवलं त्यातलं काही आठवत नाही, पाचवीनंतर गेलेही नाही, पण ती घूस आठवते.

आणि तो बोंबलांचा दिवस. पावसाळ्याआधी आई मरोळच्या बाजारातून सुकी मासळी आणायची आणि वर्षभर टिकावी म्हणून पुन्हा गच्चीवर उन्हात घालायची, सगळी चाळच घालायची. त्या दिवशी गच्चीभर चादरी पसरल्यात, बोंबील, सुकट, बांगडे, मी काठी घेऊन राखण करतेय आणि वर घारी गोल गोल फिरताहेत. एवढ्यात उतरायला आलेलं विमान एकदम नाक वर करून परत गेलं. आम्हा पोरांना मजा वाटली, आम्ही टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळात तुम्ही जिना चढून वर, ड्युटी सोडून, घामाने भिजलेले. चादरीची चार टोकं धरलीत आणि गाठ मारलीत, आपली, काकूंची, सगळ्यांची. आई खालून धावत आली, "विमानाक काय बोंबील खावचे असतत?" तुम्ही म्हणालात, "घारीक खावचे असतत. आणि घार विमानात घुसता." मग माझ्याकडे वळून, "आणि तू टाळ्यो वाजवतंस?" एवढंच. मारलं नाहीत, पण मारलं असतंत तर बरं झालं असतं. पुढच्या सुट्टीत तुम्ही जुन्या खिडकीच्या जाळीचं एक कपाट ठोकून दिलंत, मासळी सुकवायला, घारीची चोच आत जाणार नाही असं. मग काकूंसाठी एक, मग सगळ्या मजल्यासाठी. लोकांनी आधी शिव्या घातल्या आणि मग रांग लावली.

हे सगळं आज लिहिते कारण गेल्या महिन्यात पटांगणात मिटिंग झाली. मोर्चा काढू, अर्ज देऊ, असं सगळं बोलून झालं. मग चेअरमन उठला आणि म्हणाला, "तळ घाबरतो कशाला? घारींना. मग आपण घारीच बोलावू. गच्चीवर रोज घाण टाकायची. विमानांना त्रास झाला की बोंब होईल, बोंब झाली की हलवतील." लोक हसले. मग हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. कारण माशांची आतडी, डोकी, खवले माझ्या पिंपात असतात, झाकण घातलेल्या. गेटाशी बसू देतात ते त्याच अटीवर.

"ताई, पिंप किती वाजता भरतं गं तुझं?" चेअरमनने विचारलं.

"पिंपाला हात लाव, हातासकट झाकण लावते."

"तुझी गिऱ्हाईकं आत आहेत म्हणून पुळका!"

मी म्हटलं, "माझा बाप आयुष्यभर तिथे घारी हाकत उभा राहिला. विमानात माणसं असतात रे."

चेअरमन हळू आवाजात म्हणाला, "गेल्या पावसाळ्यात आईच्या खाटेवर छताचा तुकडा पडला. ती नशिबाने मोरीत होती. ती माणूस नाही काय, ताई?"

मी उठून घरी आले.

पुढच्या रविवारी धंदा आटपून आले तर चाळीवर घारी. मी वर बघितलं नाही, सरळ जिना चढले, मधे दोनदा बसले. गच्चीवर कुणीतरी कोंबडीवाल्याकडची घाण आणून ओतली होती. झाडू घेतला, घमेलं घेतलं आणि भरायला लागले. एक घार इतकी खाली आली की केसांत नखं लागली. चेअरमन दारात उभा, हाताची घडी घालून.

"किती दिवस झाडशील?"

"तू टाकून दमशील तोपर्यंत."

तेवढ्यात विमान आलं, खाली, अगदी आपल्या टाकीवरून. तो दारातून दोन पावलं मागे सरकला. मी झाडू उंच धरून घारींवर ओरडत सुटले, काय ओरडले ते सांगण्यासारखं नाही. विमान उतरलं. काही झालं नाही. चेअरमन पुढे आला, भरलेलं घमेलं उचललं आणि खाली घेऊन गेला. त्यानंतर कुणी काही टाकलं नाही. पण नळावर आता माझी बादली कुणी पुढे सरकवत नाही, आणि काकूंच्या खाटेवर ताडपत्री बांधली आहे, छताखाली.

तुमची नात चिडली. "आई, तू आपल्या बाजूची की त्यांच्या? आपल्याला इथेच सडायचंय का?" मी तिला सांगितलं, तुझ्या आजोबांनी शिकवलंय, विमानात जीव असतो, आपल्या हाताने पाप होऊ द्यायचं नाही. रात्री तिने तुमचा फोटो पुसला, मी पाहिलं.

म्हणून हे लिहायला बसले, आबा. पाठवणार कुठे, आणि ठेवलं तर ती वाचेल, तेव्हा उद्या चुलीत नाहीतर कचऱ्यात. पण एकाला तरी खरं सांगायला हवं. गच्चीवर ते विमान खाली येत होतं ना, तेव्हा मला तुम्ही आठवला नाहीत. आतली माणसंही नाहीत. मला आठवली ती बंगाली बाई, आणि वाटलं, हे पडलं आणि तळ हलला तर माझ्या रोहूची डोकी घेणार कोण. चाकं टेकल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मनात आलं की आत कुणीतरी बसलंय. तुम्ही तर त्याच्याही नंतर आलात. पोरीला मी हे उलट्या क्रमाने सांगितलं, आधी तुम्ही, मग आतली माणसं, आणि रोहूची डोकी गाळली.