पातळ तेल मी सांगितलं होतं

आप्पा, आज चाकणच्या आमच्या लॅबमध्ये एक चाचणी संपली आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चहा दोनदा गरम केला, दोनदा तसाच गार झाला. आपल्या चिखलीच्या गॅरेजमध्ये कुरुळीच्या त्या दुकानदारांच्या टर्बो गाडीत पातळ तेल पडलं ते माझ्या हट्टामुळे. ते त्यांच्यासमोरच घडलं, पण गाडी त्या तेलानंच बिघडली आणि तुमचंच म्हणणं बरोबर होतं, हे त्यांना अजून माहीत नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. आता ते सांगू शकेल अशी मी एकटीच उरलेय, आणि माझं तोंड उघडत नाही.

तो दिवस जसाच्या तसा दिसतो. मी ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, अंगात नको तेवढी हुशारी. गाडी सर्व्हिसला आलीय. तुम्ही तेल मोजायची डिपस्टिक ओढता, पुसता, पुन्हा घालून बघता. तेल वरच्या खुणेच्याही वर. एक थेंब बोटांत चोळून नाकाशी नेता. "पेट्रोल उतरलंय तेलात," तुम्ही म्हणता. "घर ते दुकान, दुकान ते घर. इंजिन तापतच न्हाई, मग आत गेलेलं पेट्रोल उडायचं कसं? ह्याला जरा जाड तेल घालू, आन् लवकर बदलत जाऊ." मी हसते, तेही गिऱ्हाइकासमोर. "अहो आप्पा, तेल वाढलंय म्हणजे इंजिन तेल खात नाही, चांगलंच आहे की! नव्या इंजिनाला पातळच लागतं, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय." दुकानदार खूश. "पोरगी लई पुढं गेली राव तुमची!" तुमचाही चेहरा फुलतो, आणि त्या कौतुकाच्या भरात तुम्ही पातळ तेलाचा डबा उघडता. पुस्तकात त्या ओळीच्या खालीच जाड तेलही चालेल असं छापलं होतं. मी वरचीच ओळ वाचली होती.

वर्षाच्या आत टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग गेलं. दुकानदार गॅरेजात येऊन चार लोकांत वाट्टेल ते बोलले. मी पत्र्याच्या पार्टिशनमागे उभी होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "चूक माझी हाय." त्यानंतर नव्या गाड्या तुमच्याकडे येईनाशा झाल्या, जुन्या दुचाक्या आणि टेम्पो तेवढे उरले. त्या दिवशी जेवताना मी वाट बघत होते, आता रागावतील, मग रागावतील. तुम्ही विचारलंत, "अभ्यास झाला का गं?" मला तुमचाच राग आला, खरंच. एक थोबाडीत दिली असतीत तर मी मोकळी झाले असते.

आजची चाचणी त्याचीच होती. टर्बो इंजिन, दोन तेलं, आणि त्या गाडीसारखेच छोटे फेरे: सुरू करायचं आणि नीट तापायच्या आत बंद. पेट्रोल दोन्ही तेलांत जवळजवळ सारखंच उतरलं. पण पातळ तेल मुळातच पातळ, त्यात पेट्रोल. बेअरिंगवर त्याचा थर धरेना. जाड तेलही पातळ झालं, तरी तग धरून राहिलं. त्याच्यातही पेट्रोल उतरायचं थांबत नाही, म्हणून ते लवकर बदलावं लागतं. तुम्ही हेही सांगितलं होतंत. साहेब म्हणाले, "रिपोर्ट मस्त झालाय, मॅडम." मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? जाणार नाही म्हणूनच तर लिहायची हिंमत झाली. एक गोष्ट मात्र मघापासून टाळतेय. गेल्या रविवारी ते दुकानदार एका लग्नात भेटले. थकलेत आता. माझ्या नोकरीची चौकशी केली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझा बाप मानूस म्हणून लई चांगला. पन नव्या गाड्यांतलं त्याला काय कळत न्हवतं, व्हय ना?"

मी "हो" म्हणाले, आप्पा.