तस्कराचं अंथरूण

हेमा,

मी कोपरला तुझ्या आत्याकडे जातोय, संध्याकाळपर्यंत येणार नाही. तू आज तुझा तस्कर साप न्यायला येणार म्हणून निघालो असं समजू नकोस. तुझ्या सासूबाईंनी बाल्कनीत त्याची पेटी ठेवायला हो म्हटलं, हे बरंच झालं.

पेटीत कागद का नाही ते सांगतो. तू जुने पेपर अंथरायला सांगून गेलीस, पण तुझ्या लग्नानंतर मी पेपरच बंद केला. मोठ्यानं वाचायचं तर ऐकायला कुणी नाही. म्हणून सुताराकडचा भुसा घातला, तर तो तस्कराच्या तोंडात जायला लागला. शेवटी ट्रंकेतलं तुझ्या आईचं निळं पातळ काढलं आणि फाडून अंथरलं. त्याला डांबरगोळ्यांचा वास होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन दिवस बिचारा पाण्याच्या भांड्यात निपचित पडून होता.

मग ते तुकडे तीनदा धुतले, चार दिवस उन्हात टाकले. गोळ्यांचा वास गेला. तिचाही गेला.

आता तो बरा आहे. काल त्याला उंदीर दिला, लगेच गिळला. खाल्ल्यावर चार दिवस सापाला हलवायचं नाही, नाहीतर तो ओकतो, हे तूच मला शिकवलंस. तू आज येणार हे मला ठाऊक होतं. तरीही दिला.

डब्यात थालीपीठ आहे, खाऊन जा. साप पुढच्या रविवारी ने. तेव्हा मी घरी असेन.

अण्णा