वाकड्या नळ्यांचा लॉट आणि ताठ आत्या

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (माझी कंबर सध्या रजेवर आहे, तेव्हा सात अंगांवर भागवून घे). इकडे सगळे ठीक. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही, कारण आतोबांनी ती सविस्तर कळवली आहे. जिना चढताना तुला मध्येच बसावं लागतं, आणि डॉक्टरांनी मनगटातून नळी घालून हृदयाची तुंबलेली शीर उघडू या म्हटलं, तर ‘मला अंगात लोखंड नको’ म्हणून तू उठून घरी आलीस. डॉक्टरांनी गुरुवारची वेळ तरीही राखून ठेवली आहे म्हणे. या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही, असा आतोबांना शब्द दिला आहे. (त्यांच्या मते, तुला एखादी गोष्ट कर म्हटलं की ती कायमची बारगळते.) म्हणून माझ्या नोकरीबद्दल लिहितो.

शाळेत तू पीटीच्या बाई आणि सुट्टीत माझी आत्या, त्यामुळे बाराही महिने ‘ताठ उभा राहा’ ऐकतच मी मोठा झालो. पुढे पाण्याच्या पाइपांच्या खरेदीत तेच कामी आलं. सरळ तो पाइप, वाकडा तो भंगार, एवढ्या ज्ञानावर मी निम्मी नोकरी काढली. आता या नव्या कंपनीत (डॉक्टरांची उपकरणं बनवतात, कसली ते विचारू नकोस, शब्द दिला आहे) नळ्यांची खरेदी माझ्याकडे आली, तेव्हा मला वाटलं, नळी म्हणजे काय, पाइपाचंच धाकटं भावंड.

पहिला लॉट आला. पेनाच्या रिफिलपेक्षा बारीक पोलादी नळ्या, लांबलचक डब्यांत झोपवलेल्या. एक नळी टोकाला धरून उचलली, तर तिने सरळ मान टाकली. दुसरीनेही तेच केलं. मी कपाळावर हात मारला, सगळ्या डब्यांवर लाल शिक्का उमटवला आणि लेझरवाल्याला (हा आम्हाला नळ्या लेझरने कापून देतो) माल परत पाठवला. सोबत कळवलं की माल वाकडा आहे, अंगभर चिरा आहेत, आणि असला माल आम्ही पाण्यालासुद्धा वापरत नसू. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज कंपनीचं मोठं नुकसान वाचवलं. तिने नेहमीप्रमाणे हं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या नळ्या डिझाइन करणाऱ्या बाईंनी बोलावलं. वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो. ‘त्या चिरा नेमक्या कुठे पाडायच्या हे ठरवण्यात माझी वर्षं गेलीत हो,’ एवढंच म्हणाल्या आणि मला स्टुलावर बसवलं. टेबलावर माणसाच्या शिरांचा पारदर्शक नमुना होता, मनगटापासून हृदयापर्यंत, नुसता वळणावळणांचा. त्यांनी आपल्याकडची एक नळी मनगटातून आत सारली. आत्या, ती गेली गं. प्रत्येक वळणावर वळली, पण कुठे दुमडली नाही की टोचली नाही. मग म्हणाल्या, आता तुमच्याकडचं टोक फिरवा. मी चिमटीत धरून जरासं फिरवलं, आणि तिकडे हृदयाच्या दाराशी दुसरं टोक तेवढंच फिरलं. माझ्या अंगावर काटा आला.

त्या चिरा म्हणजे गोल जिन्यासारख्या उतरत गेलेल्या रेघा. टोकाकडे दाट, म्हणून तिथे नळी मऊ; हाताकडे विरळ, म्हणून तिथे ताठ. फार दाट झाल्या तर ती ढकलताना दुमडेल, फार विरळ झाल्या तर शिरेला बोचेल. म्हणजे एकच नळी, एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला आतोबा.

मग माफी मागून लॉट परत आणायला लेझरवाल्याकडे गेलो. त्याने मला यंत्राच्या काचेपाशी उभं केलं. नळी फिरत होती, तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा उजेड नाचत होता, आणि तिच्या पोटातून पाणी वाहत होतं. का, तर या बाजूला चीर पडताना समोरची बाजू जळू नये. शेवटी एक बाई प्रत्येक नळी कापसातून ओढून बघत होत्या. एखादा तंतू जरी अडकला तर नळी बाद. कुणा अनोळखी माणसाच्या शिरेला ओरखडा येऊ नये, म्हणून एवढं सगळं. मला भरून आलं. (लेझरवाल्याला वाटलं, मला उकडतंय. त्याने पंखा लावला.)

आतोबांना नमस्कार सांग.

तुझा, अजूनही पोक काढून बसणारा,
भाचा

ता. क. गुरुवारची रजा टाकली आहे. कशासाठी, ते लिहिणार नाही.

पुन्हा ता. क. शब्द मोडतो. मोडेन पण वाकणार नाही, हे तू मला शिकवलंस, आणि मी ते अख्ख्या लॉटवर शिक्का मारून पाळलं. पण तू मोडलेली मला चालणार नाही. मला तू हवी आहेस.

शेवटचा ता. क. सोबत एक नळी पाठवतो आहे, कापसाचा तंतू अडकला म्हणून बाद झालेली (बोट सांभाळ). तिच्याकडून तुझी सगळी कवायत करून घे, हवी तेवढी वाकव. मोडली, तर हा विषय मी कायमचा सोडला. नाही मोडली, तर गुरुवारी सकाळी तयार राहा, मी न्यायला येतो. (अशा नळ्या डिझाइनवाल्या बाईंनी यंत्राकडून महिनाभर वाकवून घेतल्या आहेत, एकही मोडली नाही. हे तुला कळवू नये, असं आतोबांनी बजावलं होतं.)