जोडवं बांधलेली काठी

प्रिय यशपाल,
सप्रेम जयभीम.

तू हे पाकीट फोडशील की तसंच परत धाडशील, याची मला शंका आहे. शंका घेणं हा माझा जुनाच रोग. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून तो आणखी बळावला. फोन तू उचलत नाहीस, आणि घरच्या ग्रुपवर गेल्या वर्षी मी जे बोलले त्यानंतर का उचलावास? म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर चुलीत घाल.

दिल्लीची सहल तूच ठरवून दिलीस. तुझ्या ट्रॅव्हल्सची बस, आम्ही सोलापूरच्या तेवीस निवृत्त शिक्षिका, आणि तिसऱ्या दिवशी ते देशाच्या इतिहासाचं संग्रहालय. त्या सकाळी पुण्याहून तुझा फोन, "अक्का, म्युझियम लई मोठं हाय. गुडघे दुखतील, तू बसमधीच बस की." मला तेव्हाच खटकलं. बाकी बावीस जणींना जा म्हणतो, आणि मलाच नको?

मग मी मुद्दाम गेले. खालच्या मजल्यावर ही गर्दी! तलवारी, हिऱ्यांचे हार, आणि काचेला नाक लावून फोटो काढणारी माणसं. वर एका कोपऱ्यात घुंगरांची काठी होती. भाड्याने आणलेला एक गाईड पाटी न वाचताच परदेशी पाहुण्यांना सांगत होता, ही लोकनृत्यातली काठी. एक गोरी बाई कंबर हलवायलाही लागली. माझं डोकंच फिरलं. मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्याला सुनावलं, की बाबा, ही येसकराची, गावची वेस राखणाऱ्याची काठी. ही वाजवत आमचा आजा गावकीचं काम करत दारोदार फिरला, आणि त्यावर मिळेल ती भाकरी घरी आणली. बोलता बोलता काठीकडे नीट पाहिलं आणि मीच काचेला नाक लावलं. तिसऱ्या घुंगराच्या जागी तारेने बांधलेलं एक पितळी जोडवं होतं.

नागूआजीचं जोडवं. तिच्या डाव्या पायाचं बोट मरेपर्यंत मोकळं होतं, आठवतं ना? घुंगरू पडलं म्हणून गावचा पाटील आपल्या आबांवर खेकसला, तेव्हा तिने पायातलं काढून तिथं बांधलं होतं. पण ती काठी तर आबांनी छप्पन सालच्या दसऱ्यानंतर, धम्म घेतल्यावर, भर दुपारी गावासमोर भीमेत फेकली होती! दर धम्मचक्र दिनाला आपण पोरांना हीच गोष्ट सांगतो. तो घाट आता उजनीच्या पाण्याखाली आहे, म्हणजे विचारायला जागाही उरली नाही. मग काठी काचेत आली कुठून? पाटीवर होतं, 'येसकराची काठी, सोलापूर जिल्हा. दात्याचे नाव दात्याच्या इच्छेवरून गुप्त.'

गुप्त कुणाला राहायचं असतं? ज्याच्या मनात चोर असतो त्याला. परतीच्या सगळ्या वाटेवर मी तुझ्याविरुद्ध एकेक धागा जुळवत बसले. आजी गेल्यावर गावच्या घराचं छप्पर तू एकट्याने उतरवलंस. दिल्लीला तुझ्या सारख्या खेपा. बाहेरच्यांना गाव दाखवायची तुला हौस. आणि वर तो गुडघ्यांचा फोन! म्हणजे आबांची गोष्ट खोटी, हे तुला ठाऊक होतं, आणि तू आपली अब्रू प्रवाशांपुढे मांडून मोकळा झालास. सगळ्या नातेवाइकांदेखत ग्रुपवर मी हेच लिहिलं. तुझी एकच ओळ आली, "अक्का, मला काय बी म्हाईत न्हाय." मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. तुझ्या तेजश्रीच्या लग्नालाही आले नाही. जिचा हात धरून मी 'अ' गिरवून घेतला, तिच्या मंडपात तिची आत्या नव्हती. हे मला आता रोज टोचतं.

तरी मन स्वस्थ बसेना. तुझ्याविरुद्ध पुरावा हवा म्हणून मी वारसाचे कागद जोडून संग्रहालयाला अर्ज केला. परवा दानपत्राची नक्कल आली. साल दोन हजार चार. नाव नागूबाई, अंगठ्याचा ठसा. गावात वस्तू गोळा करायला आलेल्या साहेबांनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलंय. "मालकानी काठी पाण्यात टाकली ती खरीच. दुसऱ्या दिशी मी उतरून काढली, माजं जोडवं व्हतं की तिला. छपरात दडवली. पाण्यात टाकलेलं कुणाला दिसतंय? उद्या लोक म्हणतील, असं काय नव्हतंच. काचंत ठेवा, येईल त्याला बघू द्या. पर मालक काठी फेकल्याच्या मानानं जगले, म्हणून माजं नाव लावू नका. माज्या माघारी दोनी नातवंडं मिळून म्हणली, तर लावा."

त्याखाली साक्षीदाराची सही आहे. धम्मप्रिया धर्मपाल. माझी! मग आठवलं. मी शाळेची घंटा गाठायच्या घाईत होते, आजीने कागद पुढे केला, मला वाटलं निराधार योजनेचा असेल, आणि उभ्या उभ्या सही ठोकली. जन्मभर पोरांना बजावलं, वाचल्याशिवाय सही करू नका. तुझा काही दोष नव्हता रे. तुला खरंच माझ्या गुडघ्यांची काळजी होती. माझं चुकलं. आज ग्रुपवरही सगळ्यांसमोर हेच लिहिलं आहे.

पण पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच नाही. सोबत संग्रहालयाचा कागद आहे. पाटीवर नागूबाईचं नाव आणि तिचे शब्द यायचे असतील, तर दोन्ही नातवंडांच्या सह्या हव्यात. एकाची चालत नाही. तोवर कुणीही गाईड येणार आणि ती काठी नाचवणार. राग माझ्यावर काढ, आजीच्या पाटीवर नको. माझी सही केली आहे, ह्या वेळी तीनदा वाचून. शेजारची जागा तुझी आहे.

तुझीच,
शंकेखोर अक्का
धम्मप्रिया