गोणीने ब्रेक दाबला नाही

३ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून कामाला लागायचं. हेडबाईंची तीनचाकी मी स्वतः बनवणार. हेडबाई म्हणजे आमची आठ वर्षांची कन्या. घरात तिचाच हुकूम चालतो, फक्त तिचे पाय तो मानत नाहीत. अशा मुलांसाठी खास तीनचाकी असते म्हणे, पाठीला टेकू, छातीला पट्टा, पेडलवर पाय बांधायची सोय. दवाखान्यातल्या फिजिओबाईंनी त्यासाठी एक कागद भरून दिलाय. त्यात काय वाचायचं? बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. लोक माझ्या भरवशावर नवव्या मजल्यावर जातात. ही तर जमिनीवरची गाडी.

कागद मात्र छान जाड आहे आणि मागची बाजू कोरी. ड्रॉइंगला उत्तम.

४ फेब्रुवारी
ड्रॉइंग झालं. खोलीत बाकड्यासमोर भिंतीला चारी कडांना डिंक लावून पक्कं चिकटवलं. सौ.नं विचारलं, पोरीचं माप घेतलं का. म्हटलं, रोज उचलून घेतो, माझ्या हातांना माप पाठ आहे.

हेडबाईंची एकच अट. मैत्रिणीकडे एकटीनं जायचं, कुणी धरायचं नाही, आणि बेल आपणच वाजवायची. मैत्रीण आमच्या गल्लीत खाली पाचव्या घरात. गल्ली उताराची. उतार संपतो तिथे मोठा रस्ता, दिवसभर सिमेंटचे ट्रक. पण आपल्याला कुठे तिथवर जायचंय!

९ फेब्रुवारी
ब्रेक बसवला, उजव्या हाताला. सौ. म्हणाली, तिची उजवी मूठ उघडत नाही, विसरलात का. पुन्हा तेच! पोरगी डावखुरी आहे, इतकंच. माझा काकाही डावखुरा होता, जन्मभर शिवणकाम केलं त्यानं. हिला सगळं हातात आणून देतात, मग मूठ उघडेल कशाला? रोज ब्रेक दाबायला लागला की आपोआप सुटेल. एका दगडात दोन पक्षी.

सौ. उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

१३ फेब्रुवारी, सकाळी ७
गाडी रात्रभर अंगणात उभी होती. आता बघतो तर गेटला नाक लावून. कुंडी फुटलीय. बेअरिंग एकदम फर्स्टक्लास, आपली आपण पळते! सौ.ला म्हटलं, गाडीचा दोष नाही, अंगण वाकडं आहे. ती म्हणाली, नाचता न येणाऱ्याचं तसंच असतं. लेव्हल लावून बघितलं. अंगण खरोखरच वाकडं आहे. दाखवायला गेलो तर तिनं आत जाऊन कुकर लावला.

१७ फेब्रुवारी, शनिवार
टेस्ट. हेडबाईंच्या वजनाची वाळूची गोणी सीटवर बांधून गेटातून सोडली. पहिली दोन घरं शांतपणे गेली. मग वेग. पाचवं घर कधी गेलं कळलं नाही. खाली ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. उतरून मला नाही नाही ते बोलला. गोणी फुटून वाळू रस्ताभर. पुढचं चाक वाकलं.

निष्कर्ष: गाडीत दोष नाही. गोणीने ब्रेक दाबला नाही.

हेडबाई खिडकीतून बघत होत्या. आज एकही हुकूम सोडला नाही.

२० फेब्रुवारी
चाक सरळ केलं. गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी गायब. या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फेऱ्या घातलेली, सगळीच्या सगळी. सौ.ला विचारलं तर म्हणे, कपड्यांना घाई नाही. या घरात वस्तू जागेवर म्हणून राहत नाही. एक दिवस सगळ्यांना शिस्त लावणार.

२४ फेब्रुवारी
उद्या सकाळी दहा वाजता उद्घाटन. सौ. म्हणाली नको, ब्रेक बदला, मग बघू. म्हटलं, शुभ बोल नारी. हेडबाई रडल्या नाहीत. नुसत्या बूट घालून बसून राहिल्या. जेवतानाही बूट. शेवटी सौ.च विरघळली. गाडीपाशी बराच वेळ वाकून काहीतरी करत होती. पुसत असेल.

एकदा वाटलं, ब्रेक डावीकडे घ्यावा. अर्ध्या तासाचं काम. पण मग इतके दिवस मी चूक होतो असं झालं असतं.

२५ फेब्रुवारी, दुपार
लिहितोय. जसं झालं तसं.

पट्टे मीच बांधले. छातीचा, दोन्ही पायांचे. सौ. गेटपाशीच थांबली, खांबाला टेकून. मनात म्हटलं, काय हा उत्साह! हेडबाईंनी हुकूम दिला, सोड. सोडली. पोरगी हसत होती. तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या घराशी वेग आला. ओरडलो, ब्रेक दाब! तिनं मान वळवून काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही. पाचवं घर गेलं. मी धावलो. गाडी पुढे, मी मागे. खाली ट्रकचा हॉर्न.

आणि गाडी हिसका खाऊन थांबली. रस्ता दहा पावलांवर होता.

गाडीच्या मागच्या चौकटीला आमची गच्चीवरची दोरी. दुसरं टोक वर, गेटच्या खांबाला दोन वेढे घालून सौ.च्या हातात. ती जमिनीवर बसली होती. तळहातांची सालं निघाली होती.

हेडबाईंना उचलून आणताना विचारलं, मघाशी काय म्हणत होतीस. ती म्हणाली, मी विचारलं, बाबा, कुठल्या हाताने?

२६ फेब्रुवारी
तसा ड्रॉइंगमध्ये दोष नव्हता. (हे खोडलं.)

ड्रॉइंग भिंतीवरून सोलून काढलं. पाठीमागे फिजिओबाईंचं अक्षर, डिंकानं थोडं पुसट. पहिलीच ओळ: ब्रेक फक्त डाव्या हाताला. दुसरी: मोठ्या माणसाला धरायला मागे दांडा.

टेप घेऊन हेडबाईंसमोर बसलो. त्यांनी डावा हात पुढे केला. म्हटलं, दुसरा. उजवी मूठ हळूहळू उघडून पाहिली. अर्धा इंच उघडते. त्यापुढे तिला दुखतं. ती म्हणाली, पहिल्यापासून दुखतं.

आठ वर्षांत आज पहिल्यांदा मोजली.

ब्रेक डावीकडे घेतला. वीस मिनिटं लागली. सौ.च्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, म्हणून धुणं मी धुतलं. वाळत घालायला दोरी नाही. ती गाडीलाच राहू दे, असं सौ. म्हणाली. कपडे खुर्च्यांवर टाकले.